कडेकऱ्यांचं देवक

पोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्या, चहा झाला, शालननं खाली मान घालून शिवणकाम येतं, अकरावी पास आहे वगैरे सांगून झालं, आणि मग सुभेदार भाऊसोंनी घसा खाकरून आपल्या घराण्याचा इतिहास काढला. शालनचे वडील नाथाजी मास्तर पानाचं तबक पुढं सरकवू लागले. आधीची दोन स्थळं याच वळणावरून परत गेली होती.

सुभेदार सांगलीकडच्या खैरदऱ्याचे. त्यांचा बाप बसऱ्याला लढला होता, ते स्वतः ब्रह्मदेशात लढले होते, थोरला मुलगा एकाहत्तरच्या लढाईत होता. धाकटा मानसिंग, म्हणजे नवरामुलगा, तेवढा कुपवाडच्या कारखान्यात लेथवर होता, आणि त्याबद्दल सुभेदारांनी आल्या आल्याच दिलगिरी व्यक्त केली होती.

"आता तुमचं सांगा, मास्तर," सुभेदार म्हणाले. "तुमच्या घराण्यात कोन कुठं लढलं?"

मास्तरांच्या घराण्यात कुणी कुठं लढलं नव्हतं. वाईजवळच्या कळकवाडीत चार पिढ्या गेल्या, त्यात सांगण्यासारखं एवढंच, की आजोबांना पोहता येत नसूनही ते कृष्णेच्या मोठ्या पुरात वाचले, आणि तेही दोन रात्री उंबराच्या झाडावर बसून. आतल्या दाराच्या फटीतून शालन मानसिंगकडं बघत होती आणि मानसिंग रिकाम्या बशीकडं बघत गालातल्या गालात हसत होता. पोरीला बाविसावं लागलं होतं, आणि आजवर तिनं कुणाकडं असं बघितलं नव्हतं. हे स्थळ हातचं जाऊ नये असं मास्तरांना मनापासून वाटत होतं.

"आमी कडेकरी," कोपऱ्यातून हरिबा म्हणाला.

हरिबा मास्तरांच्या भावकीतला, थोरल्या घरचा. पलटणीत बारा वर्षं लंगरखान्यात कणिक तिंबून आलेला, पण गावात तालमीचा म्होरक्या. परगावच्या माणसानं कळकवाडीपुढं मिशीवर ताव दिलेला त्याला सोसत नसे.

"कडेकरी म्हंजे?" सुभेदारांनी विचारलं.

"ठावं न्हाई? लय जुनं हाय. लढणाऱ्यांचा पंथच म्हना की. नाथा, आन त्या वह्या."

मास्तरांनी ऐकू न आल्यासारखं केलं. कारण कडेकरी हा पंथ त्रिभुवनात एकाच ठिकाणी होता, आणि ते ठिकाण म्हणजे मास्तरांचं डोकं.

मास्तर हायस्कुलात सायन्स शिकवत. माणूस चंद्रावर उतरला त्या साली त्यांच्या मनानं घेतलं, की आपण एक विज्ञानकथा लिहायची. इसवी सन दोन हजार नऊशे चौऱ्याहत्तर, शनीचा एक चंद्र, आणि तिथं आकाश राखणारे योद्धे. एवढं सुचलं आणि मास्तर कामाला लागले. साताऱ्याच्या वाचनालयातून इतिहासाची पुस्तकं आणून त्यांनी ग्रीकांकडून सातव्या वर्षी मुलानं घर सोडण्याची चाल घेतली, जपान्यांकडून तलवारीची अदब घेतली, मावळ्यांकडून कडे चढणं घेतलं आणि जतकडच्या धनगरांकडून घोंगडं घेतलं. त्या घोंगड्यातून विश्वकिरण आरपार जात नाहीत, असं त्यांनी आकडेमोड करून सिद्धही केलं. मनगटात लोखंडी कडं, म्हणून नाव कडेकरी. हे सगळं त्यांनी बखरीच्या भाषेत लिहून काढलं, कारण त्या भाषेला वजन असतं. असे दोनशे पानी पाच वह्यांचे नियम, चौक्या, पराक्रम आणि पिढ्या झाल्या. गोष्टीची पहिली ओळ मात्र सहा वर्षांत सुचली नव्हती.

इथवर सगळं ठीक होतं. पण मास्तर पडले सातारा जिल्ह्यातले. माणसं शनीपर्यंत गेली तरी लग्नं करणारच, आणि लग्न म्हटलं की कुणाशी सोयरीक होते आणि कुणाशी होत नाही हे ठरवावंच लागतं. तेव्हा मास्तरांनी कडेकऱ्यांना देवक दिलं: आभाळातून पडलेला काळा दगड. मांडवात पुजायचा तो, आणि ज्यांचं देवक एक, त्यांच्यात सोयरीक नाही. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही विज्ञानकथाकाराच्या हातून ही चूक झाली नसती.

त्या वह्या फळीवर असत. तंबाखू बांधायला कागद शोधताना हरिबानं त्या चाळल्या होत्या, आणि मास्तर गावाचा जुना इतिहास उतरवून काढतायत अशी त्याची प्रामाणिक समजूत झाली होती. आता त्यानं स्वतःच उठून वही आणली आणि खड्या आवाजात वाचायला घेतली.

"'कडेकरी तो, की जो शत्रूस पाठ दावीत नाही. तरवार उपसली तर रक्त लाविल्यावाचून म्यान करीत नाही. अंगावर घोंगडे, मनगटीं कडे, याखेरीज दौलत नाही. सांप्रत थोडे उरले, परंतु आकाश राखोन आहेत.'"

"आकाश म्हंजे?"

"वरलं रान," हरिबा म्हणाला. "गडाच्या अंगाचं."

पुढच्या पानावर गुरुत्वाकर्षण हा शब्द आला, तेव्हा हरिबानं ते पान थुंकी लावून उलटलं. सुभेदार पुढं सरकून ऐकू लागले. मास्तर सगळं सांगून टाकायला म्हणून उठले, तोच स्वयंपाकघराच्या दारात बनुबाईंच्या बांगड्या वाजल्या. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, त्या वाजण्याचा अर्थ मास्तरांना ठाऊक होता. ते खाली बसले. आणि खरं सांगायचं तर आणखीही एक गोष्ट होती. सहा वर्षांत त्यांचं लिहिलेलं पहिल्यांदाच कुणी मोठ्यानं वाचत होतं, आणि ते ऐकायला फार बरं वाटत होतं.

"असलं घराणं असून तुमी गप बसलाव?" सुभेदार मास्तरांना म्हणाले. "ह्याला म्हनत्यात खानदान. फोडा सुपारी."

सुपारी फुटली. वैशाखातला मुहूर्त निघाला. जाताना सुभेदारांनी ती वही चार दिवस वाचायला म्हणून मागून नेली. लग्न पार पडलं की सगळं खरं सांगून मोकळं व्हायचं, असं मास्तरांनी मनाशी ठरवलं. शालन त्या दिवसापासून भाकरी थापताना गुणगुणायला लागली, त्यामुळे ठरवलेलं त्यांना योग्यही वाटलं.

पंधरा दिवसांनी गावात हेळवी आला. हेळवी म्हणजे घराघरांच्या वंशावळी सांभाळणारा माणूस. सुगी झाली की बैलावर बसून कर्नाटकाकडून येतो, घरात जन्मलेल्यांची नावं बाडात लिहून घेतो, मेलेल्यांची वाचून दाखवतो आणि चार पायल्या जोंधळा घेऊन पुढच्या गावाला जातो. त्याच्या बाडात चढलं ते झालं. त्यावर कुणी वाद घालत नाही.

"सिदाप्पा," हरिबानं त्याला तालमीच्या कट्ट्यावर बसवून सांगितलं, "कळकवाडीचा मूळ पुरुष कडेकरी व्हता, त्ये तुझ्या बाडात कसं काय न्हाई?"

"हौद, हौद," सिदाप्पानं कानडीत होकार भरला. "मी म्हनतच हुतो, ह्या गावाचं कायतरी लिव्हायचं ऱ्हायलंय."

"आन देवक काळा दगड. पाच पानांचं ह्ये मागनं आलं. धामधुमीत दगड कोन घिऊन पळनार, म्हनून पानं घेतली."

सिदाप्पानं ते लिहून घेतलं. मास्तर शाळेतून येईपर्यंत शाई वाळलीसुद्धा होती. संध्याकाळी तालमीतली पोरं ओळीनं उभी राहून मास्तरांचे नियम म्हणत होती, आणि गावातलं प्रत्येक घर गोठ्यामागच्या ढिगाऱ्यातून आपापला आभाळातून पडलेला दगड शोधून काढत होतं. सह्याद्रीच्या पायथ्याला काळ्या दगडाला काय तोटा. मास्तर हरिबाला बाजूला घेऊन म्हणाले, "दादा, हे खरं नाही. हे मी मनानं लिहिलंय."

"तुझ्या मनात कुठनं आलं?" हरिबानं विचारलं.

"सुचलं."

"तेच म्हनतो मी. मला का सुचलं न्हाई? कुलकर्न्याला का सुचलं न्हाई? तुझ्या रगतात व्हतं, म्हनून तुला सुचलं."

मास्तरांनी शाळेत वीस वर्षं सायन्स शिकवलं होतं. पण त्या संध्याकाळी त्यांनी उरलेल्या चार वह्या फळीवरून काढून ट्रंकेत घातल्या आणि कुलूप लावलं.

लग्नाला बारा दिवस राहिले असताना पोस्टकार्ड आलं. पत्रिका वाटून झाल्या होत्या, बस्ता बांधून झाला होता. मास्तरांनी कार्ड दारात उभ्या उभ्याच वाचलं. "रा. रा. नाथाजी मास्तर यांस, वि. वि. आमचे घराणेही मूळचे कडेकरीच निघाले. सिदाप्पा हेळवी इकडेही येऊन गेला, त्याचे बाडांत तशी नोंद आहे. सबब आपले व आमचे देवक एक असून आपण भाऊभाऊ होतो. मुलगा व मुलगी नात्याने बहीणभाऊ होतात. लग्न रहित समजावे. कळावे, आपला बंधू, भाऊसो."

बनुबाईंनी जात्याचा खुंटा सोडला. "आवं, असं कसं झालं वो?" एवढंच त्या म्हणत राहिल्या. शालननं परकराला लावायची लेस परत घडी करून पेटीत ठेवली, आणि ती घडी घालताना बघून मास्तरांना आपल्या पाचही वह्या चुलीत घालाव्याशा वाटल्या. पण त्यांतली एक खैरदऱ्यात होती.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं मास्तर निघाले. वाईहून सातारा, साताऱ्याहून सांगली, सांगलीहून खैरदरे. मांडीवर चार वह्यांची पिशवी. वाटेत त्यांनी कबुलीजबाब मनातल्या मनात अकरा वेळा म्हणून बघितला. खैरदऱ्याच्या थांब्यावर उतरले, तर पारावर बसलेल्या माणसांच्या मनगटात लोखंडी कडी. खांद्यावर घोंगडी. बाहेर ऊन असं की कुत्रीसुद्धा सावली सोडत नव्हती.

मानसिंग सायकल घेऊन आडवा आला. "मास्तर, ह्ये बगा," त्यानं हळूच कडं काढून दाखवलं. "चाळीस नग केलं. जेवनाच्या सुट्टीत, लेथवर. फिनिश बगा." फिनिश खरोखर उत्तम होतं. मग इकडंतिकडं बघून तो म्हणाला, "मला शालनच पायजे, मास्तर. पर आजीम्होरं आमचा बा सुदिक बोलत न्हाई. तुमी कायतरी करा."

आजी म्हणजे सुभेदारांची आई, अंबूबाई. वय ऐंशीच्या वर, आणि पंचक्रोशीतल्या प्रत्येक घराचं देवक तोंडपाठ. ती सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. शेजारी सुभेदार. मास्तरांनी पाणीसुद्धा न पिता सांगून टाकलं.

"आजी, हे सगळं मी मनानं रचलंय. कडेकरी कधी झालेच नाहीत. हजार वर्षांनी होतील, तेसुद्धा शनीच्या एका चंद्रावर, आणि तेसुद्धा माझ्या गोष्टीत."

"मास्तर," अंबूबाई शांतपणे म्हणाली, "लोकं जिमीन खोटी सांगत्यात. पोरीचं वय खोटं सांगत्यात. पत्रिका खोट्या करत्यात, त्या म्या सोता करून घितल्यात. पर देवक आजवर कुनी मनानं रचल्यालं न्हाई."

"मी रचलं."

"तुमी शाळामास्तर मानूस. तुमास्नी कसं जमंल?"

मास्तरांनी वही उघडून साल दाखवलं. दोन हजार नऊशे चौऱ्याहत्तर. सुभेदार हसले आणि आपल्याकडची वही घेऊन आले. "ती नक्कल करनाऱ्याची चूक हाय. सतराशे चौऱ्याहत्तर पायजे. आमी समदीकडं सुधारून घेतलंय." मास्तरांनी पाहिलं. पानापानावर तांबड्या शाईनं दोन हजार नऊशे खोडून सतराशे केलं होतं. शनीचा चंद्र खोडून 'शनीचा डोंगर' केलं होतं. वीस वर्षं मास्तरांनी दुसऱ्यांच्या वह्यांवर तांबडी शाई चालवली होती. ती अंगावर येते तेव्हा कसं वाटतं, हे त्यांना आज समजलं.

"बरं, मग पाच पानांच्या देवकावर परत जाऊ या, ते सगळ्यांचंच असतं, सोयरिकीच्या आड येत नाही," मास्तर अजिजीनं म्हणाले. "तुम्ही जा, नाहीतर आम्ही जातो."

"देवक काय लुगडं हाय बदलाया?" अंबूबाई म्हणाली. "आमचं मूळचं दगडच. माज्या सासूच्या मांडवात दगड व्हता. मला चांगला आठवतोय."

तिला आठवणारा दगड मांडवाच्या मेढीला टेकण म्हणून लावलेला असणार, हे मास्तरांच्या ओठावर आलं होतं. पण बाहेर खळ्यात दहाबारा कडेकरी गोळा झाले होते, आणि आमचा इतिहास खोटा म्हणणारा मास्तर कोण, असं एकजण मोठ्यानं विचारत होता. तेव्हा ते गिळून मास्तरांनी विचारलं, "मग मार्ग काय?"

"मार्ग सरळ हाय. एका घरानं म्हनावं, आमी कडेकरी न्हवं. आमी तर म्हननार न्हाई. तुमच्या गावाला इचारा."

गावाला विचारलं. हरिबानं चावडीसमोर सगळ्यांना जमवलं आणि मास्तरांचं ऐकून घेतलं. "म्हंजे आमी त्यास्नी कडेकरी काय ते दाखवलं, आन आता आमीच हटायचं?" तो म्हणाला. "कडेकरी पाठ दावत न्हाई. तूच लिवलंयस." गावानं माना हलवल्या. मास्तर चावडीच्या पायरीवर बसले. स्वतःच घातलेल्या नियमांनी आपली पोर घरात बसणार, या विचारानं त्यांना रडूच यायचं बाकी राहिलं.

तोडगा शेवटी गावात परत आलेल्या सिदाप्पा हेळव्यानं काढला. दोन्ही गावांचा जोंधळा पोटात गेला होता, तेव्हा दोन्हीकडची मर्जी राखणं त्याला भाग होतं. त्यानं बाड मांडीवर घेतलं आणि विचारलं, "मास्तरांचा आजा पुरात झाडावर सापडला हुता म्हनं?"

"व्हय," हरिबा म्हणाला. "समद्यास्नी ठावं हाय."

"झाडावर चढताना कुनी बगितला हुता?"

कुणी बघितला नव्हता.

"मग तो ह्या गावचाच, कशावरनं? पुरात वरनं वाहून आला असंल. गावानं उतरवला, भाकर दिली, ठिऊन घितला. मास्तरांचं घर मूळचं ह्या कुळातलंच न्हाई. म्हंजी कडेकरी न्हाई. झाड कंचं हुतं?"

"उंबर," मास्तर कसनुसे होऊन म्हणाले.

"मग देवक उंबर. सोयरीक होतीया."

मास्तरांना वाटलं, आता हरिबा उसळेल. लहानपणापासून एका ताटात जेवलेला भाऊ, एक आडनाव, शेताला शेत. पण हरिबा म्हणाला, "ह्ये बेस झालं. कुनाचंच काय जात न्हाई." गावालाही ते एकदम पटलं. दोघातिघांना तर मास्तर आपल्यातले नसावेत असा पहिल्यापासून संशय होता, असं त्याच वेळी आठवलं.

सिदाप्पानं मजकूर लिहिला आणि बाड मास्तरांपुढं सरकवलं. "आम्ही कडेकरी नव्हे. या पंथाशी आमचा पूर्वी संबंध नव्हता, सांप्रत नाही व पुढेही राहणार नाही." खाली सहीची जागा. बाड घरी आणलं होतं, म्हणून शालनही दारात उभी होती. सहा वर्षं वह्यांच्या सुवाच्य नकला तिनंच केल्या होत्या. चौक्यांचे नकाशे तिनं काढले होते. मास्तरांनी पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं. आजोबा भावकीतून गेले याचं वाईट वाटत होतंच, पण त्याहून जास्त वाईट कडेकऱ्यांचं वाटत होतं, आणि त्याची त्यांना लाजही वाटत होती.

"आप्पा," शालन म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुमचा जीव तुटतोय ते दिसतंय मला. न्हाई झालं लगीन तर न्हाई झालं."

असं म्हणताना ती लेस ठेवलेल्या पेटीकडं बघत होती. मास्तरांनी सही केली. खाली तारीखही घातली, शिक्षकाच्या सवयीनं.

ठरल्या दिवशी लग्न कळकवाडीला झालं. मांडवाच्या दोन्ही बाजूंना दोन्ही गावांचे कडेकरी उभे होते. मे महिन्याच्या उन्हात अंगावर जतची घोंगडी, मनगटात कुपवाडची कडी, अंगातून घामाच्या धारा. त्यांच्यात आता चांगला घरोबा जमला होता आणि ते एकमेकांना बंधू म्हणत होते. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, मानसिंग आणि शालननं एकमेकांकडं बघितलं, आणि मास्तरांच्या छातीवरचं ओझं क्षणभर उतरलं. एवढ्यासाठी आणखी दहा सह्या केल्या असत्या, असं त्यांना वाटलं.

मग हरिबानं हात वर केला आणि ऐंशी माणसं घसा फोडून शपथ म्हणू लागली. घोडा बुजला, वाजंत्री थांबली. मास्तरांना राहवेना. ते हळूच सुभेदारांच्या कानाशी गेले.

"शपथ मोठ्यानं म्हणायची नसते. नुसती मूठ छातीवर ठेवायची. तिथं हवाच नाही, आवाज जाणार कसा?"

सुभेदारांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यात राग अजिबात नव्हता. "पाव्हनं, वाईट वाटून घिऊ नगा. पर ह्यातलं तुमास्नी कळायचं न्हाई. ह्ये रगतात असावं लागतं." आणि मग आणखी हळू आवाजात म्हणाले, "शपथ चालू हाय तवर जरा मांडवाच्या भायेर थांबता का? आमच्यात तशी रीत हाय."

अशी रीत पाची वह्यांत कुठंही नव्हती. पण मुलीच्या बापानं लग्नात वाद घालायचा नसतो. मास्तर मांडवाबाहेर आले आणि बैलगाड्यांच्या सावलीला बसले. तिथं घोंगडी पुरवणारा जतचा म्हातारा धनगर धुळा बसला होता. त्याच्याही मनगटात कडं होतं. पाय दुखतात म्हणून तो बसूनच शपथ म्हणत होता. म्हणून झाल्यावर त्यानं मास्तरांकडं दयेनं बघितलं.

"तुमी ह्यातलं न्हाई व्हय? नवरीचं बाप नव्हं तुमी? बसा. तुमास्नी एक सांगतो." त्यानं तंबाखू मळली. "एक कडेकरी व्हता. त्येला चौकीवर हुबा केला आन बाकीची म्होरं गेली. 'आमी येस्तवर हलू नगंस' म्हनून सांगून गेली. ती काय आली न्हाईत. बारा सालं गेली. त्यो वाळत चालला. मनगटातलं घट्ट कडं ढिलं झालं, हातातनं गळाया लागलं. तवा कडं पडू ने म्हनून त्येनं मूठ मिटली. खातानाबी उघडली न्हाई, झोपतानाबी उघडली न्हाई. आन मग एक दिस, ऊन उतरताना, त्येला खालच्या अंगानं कोनतरी चढून येताना दिसलं."

हे त्यांनी लिहिलं नव्हतं. असं काही आपल्याला लिहायचंय एवढंच त्यांना सहा वर्षं वाटत होतं, आणि ते काय ते सापडत नव्हतं. मांडव, पंगत, व्याही सगळं ते विसरले. धुळाच्या अगदी जवळ सरकले.

"कोण होतं? बाकीचे परत आले होते, का शत्रू? मूठ उघडली का त्यानं? पुढं काय झालं?"

धुळानं तंबाखू तोंडात टाकली, हात झटकले आणि काठीवर जोर देऊन उठला.

"पुढलं भायेरच्या मानसाला सांगत न्हाईत," तो म्हणाला, आणि घोंगडं खांद्यावर टाकून पंगतीकडं निघून गेला.